रालामंडलवर शिकारगाहापर्यंत सायकलची वाट व्हावी का?

तीनइमलीकर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो, शिव्या पडणार हे माहीत आहे. माझं मत असं की रालामंडलच्या टेकडीवर, खालच्या गेटपासून वर होळकरांच्या शिकारगाहापर्यंत, सायकलसाठी एक वेगळी कच्ची वाट काढायला हवी. डांबरी नाही, काँक्रीट तर अजिबातच नाही, शेताच्या बांधावरून पायवाट जाते न तशी, दोन हात रुंद, फक्त चढ सायकलच्या हिशोबाने बेतलेला.

का म्हणतो ते सांगतो. आपल्या इंदुरात सायकल चालवणारे सकाळी पाचला उठून जातात कुठे, तर सुपर कॉरिडॉर नाहीतर बायपास. म्हणजे एका बाजूला ट्रॉला, दुसऱ्या बाजूला रात्रभर न झोपलेला बसवाला आणि मधे आपण, मागे लाल लाईट लुकलुकवत, देवाचं नाव घेत. मागल्या महिन्यात एका डंपरने असा कट मारला की मी सरळ कडेच्या गिट्टीत, कोपर सोलवटलं, हँडल वाकडं, डंपरवाला थांबला पण नाही. तिथेच बसून पाणी पीत होतो आणि समोर बघतो तर रालामंडल, ऊन नुकतं माथ्यावर आलेलं, वर ती शिकारगाहाची इमारत, आणि खाली अर्धा डोंगर अजून सावलीत. तेव्हा वाटलं की अरे, शहराला इतकी जवळ टेकडी आहे, समुद्रसपाटीपासून ७८२ मीटर, म्हणजे फार मोठी नाही पण दम काढेल इतकी नक्की, वर बघायला होळकरांची जुनी वास्तू आहे, वरून अख्खं शहर दिसतं, आणि आपण मरायला बायपासवर जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिकारगाह म्हणजे होळकर महाराजांची शिकारीची कोठी. आता तिथे म्युझियमसारखं केलंय. खाली हरणं आहेत, साग, बांबू, चंदन आहे. पायी जाणारे रविवारी शेकड्यांनी जातात, मग सायकलनेच काय घोडं मारलंय?

चढाईवेडा
भिया मनातलं बोललात. मी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) घेऊन दीड वर्ष झालं आणि २९ इंची जाड टायर कशावर चालवतोय तर रिंग रोडच्या स्पीडब्रेकरवर 😂 एकदम सपोर्ट.

सुदामानगरची मावशी
तीनइमलीकर, कोपराची काळजी घे बाबा आधी. पण मत साफ चुकलंय तुझं.

रालामंडल टेकडी नंतर आहे, आधी अभयारण्य आहे. १९८९ पासून. आणि किती मोठं, तर २३४ हेक्टर, म्हणजे अडीच चौरस किलोमीटर पण पूर्ण नाही. एवढ्याशा तुकड्यात चितळ, सांबर, नीलगाय, मोर आणि हो, बिबट्यासुद्धा. एका बाजूला बायपास, दुसऱ्या बाजूला कॉलन्यांवर कॉलन्या, फार्महाऊस, लग्नाची गार्डनं ज्यांचा डीजे रात्री एकपर्यंत ऐकू येतो. त्या जनावराने जायचं कुठे सांग न. मी गेली चौदा वर्षं तिथे पक्षी बघायला जाते, पहिल्या वर्षी ज्या वळणावर नवरंग सहज दिसायचा तिथे आता वेफर्सची पाकिटं दिसतात. तुला दोन हात रुंद वाट हवी, ठीक आहे, पण दोन हाताच्या वाटेवर येणारा माणूस दोन हातात मावत नाही, त्याच्याबरोबर त्याचा स्पीकर येतो, बाटली येते, मोबाईल येतो.

तीनइमलीकर
मावशी, वेफर्सची पाकिटं पायी येणाऱ्यांनी टाकली न? सायकलवाल्याच्या पाठीला बॅग असते आणि हातात हँडल, तो पाकीट फोडणार कसं?

सुदामानगरची मावशी
वर पोचल्यावर फोडेल.

मुरूममिस्त्री
मी सिव्हिलचा माणूस, सायकलपण चालवतो, म्हणून दोन्हीकडून बोलतो. आधी हिशोब.

इंदूर शहर साधारण ५५० मीटरवर, माथा ७८२. पायथा शहरापेक्षा थोडा उंच आहे तेव्हा चढ धरा २०० मीटर. डोंगरी सायकलची वाट आखताना जगभर एक साधा ठोकताळा वापरतात की सरासरी चढ दहा टक्क्यांच्या वर नेऊ नये, आणि दुसरा त्याहून महत्त्वाचा, वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. दुसरा का, तर तसं नसेल तर पाणी वाट ओलांडून आडवं जात नाही, ते वाटेवरूनच खाली धावतं आणि दोन पावसात वाटेची नाली होते. आता दहा टक्क्याने २०० मीटर चढायचे तर २ किलोमीटर वाट लागेल. पण दहा टक्के सलग म्हणजे साधा माणूस उतरून ढकलणार, त्यामुळे सातच्या आसपास ठेवायला हवं, म्हणजे जवळजवळ ३ किलोमीटर, वळणं घेत घेत.

आणि जमीन. वरचा भाग दगड आणि मुरूम, तिथे काम छान होईल, मुरूम दाबला की बसतो. पण खाली आपली माळव्याची काळी माती आहे आणि ती काय चीज आहे हे जूनमध्ये ज्याने सायकल घातलीय त्यालाच कळतं, दहा फुटात टायर लाडवासारखा होतो, ब्रेकमध्ये गोळा, फोर्कमध्ये गोळा, मग सायकल तुम्ही चालवत नाही, खांद्यावर घेता. आपल्याकडे वर्षाला ३५-४० इंच पाऊस आणि जवळजवळ सगळा चार महिन्यात. तेव्हा काहीही झालं तरी जून ते सप्टेंबर बंद, मग महिनाभर वाळू द्यायची. ज्यांना पावसात हिरवळ बघायला सायकलने वर जायचंय त्यांनी विसरा, नेमकं तेव्हाच जायचं नाही.

बाकी सायकलमुळे डोंगर झिजतो हे अर्धसत्य आहे. अमेरिकेत माँटानामध्ये विल्सन आणि सेनी म्हणून दोघांनी १९९४ साली मोजलं होतं, घोडे, माणसं, सायकली, मोटारसायकली सगळं त्याच वाटांवर चालवून. चाकांपेक्षा टापा आणि पाय यांनी जास्त माती सुटी केली, आणि वाट ओली असताना तर अजूनच. तेव्हा रविवारच्या शेकडो पायांना सोडून चार सायकलींच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

चढाईवेडा
घ्या! आता बोला मावशी

सुदामानगरची मावशी
बोलते की, थांब जरा, भाजी टाकली होती.

मिस्त्री, माती राहू दे बाजूला, मी जनावराबद्दल बोलतेय. तुम्ही अमेरिका आणलीत तर माझ्याकडेपण आहे एक. यूटामध्ये अँटेलोप बेट आहे, तिथे टेलर आणि नाइट यांचा अभ्यास, २००३ चा. गवे, हरणं, प्राँगहॉर्न म्हणून तिकडचं हरणासारखं जनावर. पायी माणूस आणि सायकलवाला दोघांना बघून जनावरं जवळजवळ सारखीच पळाली, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर की सायकल जास्त वाईट नाही. पण पुढचं ऐका. वाटेपासून १०० मीटरच्या आत जे जनावर होतं ते पळण्याची शक्यता ७० टक्के. आणि तिथे येणाऱ्या लोकांना विचारलं तर निम्म्या लोकांना वाटत होतं की आपल्यामुळे जनावरांना काहीच त्रास होत नाही. हे निम्मे लोक आपल्या धाग्यावर पण आहेत.

आता मी करते हिशोब, सिव्हिलची नाही तरी बँकेत तीस वर्षं काढलीत. तुमची वाट ३ किलोमीटर. दोन्ही बाजूला १००-१०० मीटर. म्हणजे ३००० गुणिले २००, सहा लाख चौरस मीटर, ६० हेक्टर. एकूण किती, २३४. चौथाई जंगल एका हौसेसाठी!

मुरूममिस्त्री
मावशी मान गये. पण एक चूक आहे. वळणावळणाची वाट सरळ रेषेत नसते, ती एकाच उतारावर एकावर एक रचलेली असते, त्यामुळे तुमचे १००-१०० मीटरचे पट्टे एकमेकांवर चढतात. ६० नाही, ३५-४० हेक्टर धरा. आणि ती पायी वाटेच्या शेजारूनच नेली तर त्यातलं बरंचसं आजही बिघडलेलंच आहे, नवीन फार थोडं.

सुदामानगरची मावशी
बरं २० हेक्टर नवीन धरू. तेपण का द्यायचे? आणि वेळ बघा न. पायी लोक आरामात येतात, पोहे खाऊन, नऊ-दहाला. सायकलवाले कधी, उजाडता उजाडता. चितळ चरायला कधी बाहेर असतं, त्याच वेळी. उतारावर सायकलचा आवाज नाही आणि वेग तीस. वळणावर समोर सांबर आलं तर दोघांपैकी एकाचं काय होईल ते मला बघायचं नाही.

आप्पा लोकमान्यनगर
सर्व चर्चा वाचली. माझे वय ७८. सायकल मी चालवली ती कापडाच्या गिरणीत नोकरीला होतो तेव्हा, हौस म्हणून नव्हे, त्यामुळे तुमच्या हार्डटेल वगैरेचे मला काही कळत नाही.

मला दुसरेच बोलायचे आहे. शिकारगाह हा शब्द तुम्ही सगळे असा वापरता आहात की जणू तो चहा प्यायचा पॉइंट आहे. आमचे आजोबा होळकर सरकारच्या खासगीकडे कारकून होते. ते सांगत की शिकारीच्या आधी रान हाकायला माणसे लावायची, डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत, आणि जनावर हाकीत हाकीत बंदुकीच्या समोर आणायचे. म्हणजे राजाने जंगलात हिंडायचे नाही, जंगलाने राजाकडे यायचे. १९४८ ला होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, हाकारे गेले, बंदुका गेल्या, आणि आज त्याच डोंगरावर जनावराला कायद्याचे संरक्षण आहे. हा केवढा मोठा उलटा फेरा आहे बघा. पण वर जाणाऱ्या दहा पोरांना विचारा, शिकारगाह कोणाची, तर एक म्हणेल मुघलांची, दुसरा म्हणेल अंग्रेजांची. आपल्या मराठी घरातली पोरेसुद्धा. होळकरांची राजधानी १८१८ च्या तहानंतर महेश्वराहून इंदुरास आली हे आमच्या नातवाला माहीत नव्हते, शाळेचे नाव मात्र अहिल्येवरून!

म्हणून मी म्हणतो जाऊ द्या पोरांना वर. सायकलने का होईना. वास्तूकडे माणूस फिरकला नाही तर ती पडते. राजवाड्याचा काही भाग १९८४ च्या आगीत गेला तेव्हा मी तिथे उभा होतो.

चढाईवेडा
आप्पा 🙏 तुमचं मत आमच्याच बाजूचं ना? कन्फ्यूज झालो

आप्पा लोकमान्यनगर
मत वास्तूच्या बाजूचे आहे.

कलम २७
वकिली सवयीमुळे नाव असं ठेवलंय, हसू नका.

इथे सगळे "व्हायला हवी", "काढावी" असं बोलून राहिलेत जणू काही कॉलनीच्या बागेतला जॉगिंग ट्रॅक आहे. अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. कलम २७ सांगतं आत कोणी जायचं, कलम २८ मध्ये परमिट मिळतं आणि त्यात पर्यटन हे कारण चालतं, त्यामुळे जी वाट आहे तिच्यावर सायकलला परवानगी द्यायची असं मुख्य वन्यजीव संरक्षकांनी ठरवलं तर तो भाग वेगळा. पण नवीन वाट कापणं म्हणजे २९. त्यात सरळ लिहिलंय की अधिवासाचं नुकसान करायचं नाही, आत येणारं-बाहेर जाणारं पाणी वळवायचं-अडवायचं नाही, आणि परमिट मिळायचं तर ते काम वन्यजीवांच्या भल्यासाठी गरजेचं आहे अशी राज्य सरकारची खात्री पटावी लागते. आता तुम्ही सांगा, तीनइमलीकरांचं कोपर वाचावं म्हणून काढलेली वाट चितळाच्या भल्याची कशी होते. मिस्त्रींची ती पाणी आडवं काढायची आयडिया इंजिनियरिंगला कितीही छान असली तरी वाचल्या वाचल्या माझ्या डोक्यात हेच कलम वाजलं.

तीनइमलीकर
वकीलसाहेब, कायदा मान्य. पण कायद्यात बसत नाही आणि बरोबर नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा मुद्दा असा की ज्याला जंगल आवडतं तोच ते राखतो. मला रालामंडल बायपासवरून कुंपणाच्या पलीकडचा एक हिरवा ठिपका म्हणून दिसत राहिलं तर उद्या तिथे काही झालं तरी माझं काय जाणार? पण दर रविवारी मी त्या वाटेवर घाम गाळला असेल तर झाड तोडायला येणाऱ्याच्या आडवा मीच उभा राहीन.

पुण्यात अडकलेली इंदोरी
सात वर्षं पुण्यात आहे, माहेर राजेंद्र नगर. दादा तुमचं हे शेवटचं वाक्य ऐकायला फार गोड आहे आणि थोडं खरंपण आहे, इथे वेताळ टेकडीवर रस्ता-बोगद्याचं निघालं तेव्हा रोज चालायला येणारेच रस्त्यावर उतरले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याच टेकडीवर दुसरंपण पाहिलंय. वाट एक असली की चार होतात. एकाला वळण लांब वाटतं, तो शॉर्टकट मारतो, मागचे दहा त्याच्या चाकोरीत, सहा महिन्यांनी उतारावर ओरखडेच ओरखडे, जसं मांजराने सोफा. आणि मग सायकलच्या वाटेवर एक दिवस बाईक येते. बुलेट. तिला अडवायला दगड ठेवतात, दगड कोणीतरी सरकवतं. पुढचं सांगायची गरज नाही.

बाय द वे इथे उसळ-पोहे मागितले की लोक मिसळ आणून देतात. रडू येतं.

चढाईवेडा
ताई पोह्यांवर टाकायचं जीरावन पाठवतो 😂

बडोदेकर
मधेच तोंड घालतो. आमच्याकडे पावागड, बडोद्याहून ४५-५० किलोमीटर, खाली चांपानेरच्या मशिदी, वर कालिकामाता, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. आम्ही पाच-सहा जण थंडीत पहाटे निघून माचीपर्यंत सायकल चढवतो, पुढे रोपवे नाहीतर पायऱ्या. तिथे रस्ता आहेच, जंगल कापायचा प्रश्न नाही. तरी सांगतो, मजा फक्त आठच्या आधी. आठनंतर जीपा सुरू होतात आणि मग वळणावर सायकलवाला म्हणजे फटाक्याच्या लडीतली उदबत्ती. त्यामुळे तुमच्या तीनइमलीकरांची वेगळ्या वाटेची मागणी मला समजते. पण जागा चुकली हो. ज्या डोंगराला यात्रेची, गर्दीची सवय आहे तिथे मागा की. तुमच्याकडे असेल एखादा.

मुरूममिस्त्री
आहे न! देवगुराडिया.

हसू नका. इंदूरच्या बाहेर ज्यांना देवगुराडिया म्हटलं की फक्त ट्रेंचिंग ग्राउंड आठवतं त्यांनी जाऊन बघावं. वर्षानुवर्षं साचलेले कचऱ्याचे डोंगर होते तिथे, ते साफ झाले, आता ओल्या कचऱ्यापासून सीएनजी बनवायचा मोठा प्लांट उभा आहे, दिवसाला ५५० टन घेणारा, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. आणि शेजारी टेकडी, पायथ्याला महादेवाचं जुनं देऊळ, चांगल्या पावसात गोमुखातून पाणी येतं, शिवरात्रीला जत्रा. अभयारण्य नाही. म्हणजे ऐतिहासिक वास्तू आहे, टेकडी आहे, शहराला जवळ, आणि वकीलसाहेबांचं २९ कलम पण आडवं येत नाही.

कलम २७
२९ येत नाही, पण जमीन कोणाची ते बघावं लागेल. महसूल, वन, देवस्थान, काहीही निघू शकतं. तरी रालामंडलपेक्षा सोपं, मान्य.

चढाईवेडा
नको यार. कचऱ्याच्या बाजूला कोण सायकल चालवणार, रीलमध्ये काय दाखवू, मागे सीएनजीची टाकी? मग सरळ जाम गेट चला. विंध्याचलची धार, खाली अख्खं निमाड पसरलेलं, आणि दरवाजा कोणाचा, अहिल्याबाईंचा, १७९१ चा. आप्पा बघा मला पण येतो इतिहास 😎

आप्पा लोकमान्यनगर
येतो तर हेही लक्षात घ्या की तो दरवाजा माळव्यातून महेश्वराकडे उतरणाऱ्या वाटेवर आहे. म्हणजे वाट पूर्वीपासून आहे, आणि ती माणसांच्या येण्याजाण्यासाठीच होती. रालामंडलची गोष्ट निराळी.

आता बोललोच आहे तर सांगतो. काल नातवाला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. तो म्हणाला आजोबा, वास्तू बघायला सायकल कशाला लागते, पायी जा की. मी निरुत्तर झालो. मला पायी जाता येत नाही हा माझ्या गुडघ्याचा प्रश्न, तो डोंगरावर ढकलणे बरोबर नाही.

तीनइमलीकर
आप्पा तुम्हीपण गेलात तिकडे? 😔

जाम गेट चांगलंच आहे पण माझ्या घरापासून पन्नासच्या वर किलोमीटर, जाऊन-येऊन शंभर, आणि त्यातला निम्मा रस्ता परत ट्रकांचाच. म्हणजे कार करा, सायकल मागे बांधा, पेट्रोल जाळा आणि मग सायकल चालवून निसर्गप्रेम दाखवा. जानापावचं पण तेच, चंबळ तिथून निघते, टेकडी सुरेख, वरपर्यंत रस्ता आहे, पण महूच्या पलीकडे. मला रोज सकाळी ऑफिसच्या आधी दीड तास मिळतो. माझ्यासारख्याला घराजवळ काय आहे हा प्रश्न आहे, सुट्टीत कुठे जाऊ हा नाही.

सुदामानगरची मावशी
हा मुद्दा मात्र खरा आहे. सात-साडेसातला घरी येऊन डबा भरून पळायचं, त्यात जाम गेट कुठे बसणार.

तीनइमलीकर, एक काम करशील? या रविवारी सहाला गेटपाशी ये. सायकल आण हवी तर, खाली लाव. आपण वाटेवर एका जागी अर्धा तास गप्प बसू. मी दुर्बीण आणते. तुला जे दिसेल ते तूच इथे येऊन लिही, मी एक शब्द बोलणार नाही.

तीनइमलीकर
डन. थर्मासमध्ये चहा माझ्याकडून.

चढाईवेडा
मावशी एक शब्द बोलणार नाहीत यावर माझी पाचशेची पैज

तीनइमलीकर
आलो जाऊन. चढाईवेड्या पाचशे तयार ठेव, त्या दोनदा बोलल्या, एकदा "शू" आणि एकदा "साखर जास्त झालीय".

खरं खरं लिहितो. पहिली वीस मिनिटं काहीच नाही, मला वाटलं मावशींनी उगाच उठवलं. मग वरच्या अंगाला सागाच्या पानांचा आवाज, चार चितळं, त्यात एक पिल्लू, उतरत उतरत अगदी वाटेच्या कडेपर्यंत आली, पन्नास पावलं असतील. मी आजवर त्यांना जाळीच्या आतच बघितलं होतं. उभी राहिली, कान हलवले, वाट ओलांडायच्या बेतात होती. तेवढ्यात खालून दोन पोरं बोलत वर येताना ऐकू आली, मोठ्याने पण नाही, साधंच बोलत होती. चितळं गेली. पळाली असं नाही, नुसती होती आणि मग नव्हती. परत जायला निघेपर्यंत आली नाहीत.

ती दोन पोरं पायी होती हे मुद्दाम लिहितो. म्हणजे मावशींचा मुद्दा सिद्ध झाला तसा माझापण झाला, सायकल नसली तरी हेच. पण मग त्याचा अर्थ सायकल आणा असा होतो की पायी जाणाऱ्यांनाच सहाऐवजी आठला सोडा असा होतो, यावर घरी येईपर्यंत विचार करत होतो आणि मला माझ्या सोयीचं उत्तर काही मिळालं नाही. वेगळी नवीन वाट कापायची मागणी मी मागे घेतो. आहे त्याच वाटेवर, हिवाळ्यात, आठवड्यातून एक दिवस, ऊन वर आल्यावर, मोजून वीस सायकली, एवढं तरी असावं या मतावर मी अजून आहे.

सुदामानगरची मावशी
वीस नको. दहा.

कलम २७
तुम्ही दोघं भाजीचा भाव करताय का? ठरवणारे भलतेच आहेत. पण अर्ज लिहायचा असेल तर मसुदा मी देतो, फी म्हणून छप्पन दुकानवर एक प्लेट खोपरा पॅटिस.

पुण्यात अडकलेली इंदोरी
अर्जात बुलेटचं आधीच लिहा. नंतर लिहून काही होत नाही.

मुरूममिस्त्री
अर्ज होत राहील. मी काल संध्याकाळी देवगुराडियाला चक्कर मारली, मोबाईलवर उतार मोजला. देवळाच्या मागल्या अंगाला बारा ते अठरा टक्के उतार आहे, मुरूम चांगला, काळी माती फक्त पायथ्याला पट्ट्यात. वाट सहा-सात टक्क्यात बसेल, बाभळी मात्र भरपूर, काटे सव्वा इंची, ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट घातल्याशिवाय कोणी येऊ नका. पुढच्या रविवारी साडेसहाला देवळापाशी. जमीन कोणाची ते विचारून ठेवतो तोवर.

चढाईवेडा
सीलंट कुठलं घ्यायचं?

मुरूममिस्त्री
आता कसं! रीलमध्ये सीएनजीची टाकी येणार नाही असा अँगल शोधून ठेवलाय तुझ्यासाठी.